झिरो सरांचे एक्के

आमच्या सरांच्या रविवारच्या पेपरात शंभर प्रश्न असायचे आणि वर एकशे एकावा असायचा, शून्य मार्कांचा. तो नेहमी पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकांवर असे. शत्रूचा टेहळणीचा फुगा पाडला तर तो विमानाइतकाच मोजायचा का? दोघांनी मिळून एकच विमान पाडलं तर ते कोणाच्या नावावर लिहायचं? तलाठी, पोलीस, वनरक्षक, कुठल्याच भरतीत असलं काही येत नाही हे आम्हाला माहीत होतं, पेपर काढणाऱ्या सरांनाही माहीत होतं. तरी तपासायला बसले की ते आधी शेवटचं पान उघडायचे. कोणी उत्तर लिहिलेलं दिसलं तर लाल पेनने त्याखाली चार-पाच ओळी लिहून द्यायचे आणि समासात मोठं शून्य काढायचे. गोंदियात त्यांना सगळे झिरो सर म्हणत. त्यांच्या तोंडावरसुद्धा.

"मार्क नाही तर विचारता काऊन, सर?" असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

"परीक्षेत येत नाही म्हणून मार्क नाही," ते म्हणाले. "जे परीक्षेत येत नाही ते झालंच नाही, असं थोडी हाय?"

क्लास आमगाव रोडवर टायरच्या दुकानावर होता. खाली जुने टायर रबर चढवून नवे होत, वर आम्ही. उन्हाळ्यात तो वास डोक्यात बसायचा. मी तिरोड्याजवळच्या गावातून सकाळच्या पॅसेंजरने यायची. बाबा तिरोड्याला राइस मिलमध्ये हमाल होते. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं मी घरीच अभ्यास करून पाहिला आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिले. गोंदियातल्या मोठ्या क्लासच्या बॅचा भरलेल्या होत्या, म्हणून मी झिरो सरांकडे आले. त्यात निवडीचा भाग काही नव्हता.

सर बुटके, बारीक, गळ्यात बाराही महिने पांढरा दुपट्टा. वैमानिक गळ्याभोवती रेशमी रुमाल बांधत, हे त्यांनीच शिकवल्यामुळे आम्ही तो दुपट्टा त्याच खात्यात टाकला होता. एकदा एका मुलाने विचारलंच. सर म्हणाले, "मले सर्दी होते बापा." त्यांना विमानात बसायची हौसही नव्हती. गावाबाहेरच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं दिवसभर डोक्यावरून घरघरत जायची, पण सरांनी कधी मान वर केलेली मला आठवत नाही. तरुणपणी इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनी रद्दीच्या दुकानातून एक जाडजूड, पुठ्ठा फाटलेलं पुस्तक आणलं होतं. ते निघालं पहिल्या महायुद्धातल्या हवाई लढायांचं. "इंग्रजी तसंच राहिलं," ते म्हणायचे, "हेच पाठ झालं."

त्या पुस्तकातलं जे त्यांनी घेतलं होतं, ते शौर्य नव्हतं. त्यांना मोजणीत रस होता. पाच विमानं पाडली की वैमानिक 'एस' व्हायचा, म्हणजे पत्त्यातला एक्का. पण पाच पाडली असं नुसतं येऊन सांगायचं नाही. जमिनीवरच्या कोणीतरी ते पडताना पाहिलेलं पाहिजे, नाहीतर सापळा सापडला पाहिजे. ढगात गेलं, शत्रूच्या हद्दीत जाऊन पडलं, पाहणारा कोणी नाही, मग ते वहीत चढायचं नाही. काही जण जीव वाचवून उतरायचे, मी पाडलं म्हणून सांगायचे, आणि अधिकारी विचारायचा की पाहिलं कोणी? हे दोन शब्द सरांनी तिथून उचलले आणि आमच्यावर वापरले. पोलीस भरतीच्या पोराने सोळाशे मीटरचा आपला टाइम सांगितला की सर विचारायचे, "पाहिलं कोणी?" कोणी म्हणालं की मी रात्री दोनपर्यंत वाचत होतो, तरी तेच. सुरुवातीला राग यायचा. पुढे पोरं एकमेकांना तसं विचारायला लागली आणि वर्गात थापा कमी झाल्या.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाने मोबाइलच्या पडद्यावर दुपंखी विमानातल्या वैमानिकाचा फोटो लावला होता. सरांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग सांगितलं की त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल घालत. पंख्याबरोबर इंजिनही फिरायचं, ते एरंडेल तोंडावर उडायचं, नाकातोंडात जायचं. "लढाई राहिली बाजूले, पोट सांभाळता सांभाळता बेजार. हे फोटोत नाही दिसत." वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हवाई छत्रीबी नव्हती त्याईले, पार शेवटी शेवटी काही जणाईले भेटली. विमान लाकडाचं अना कापडाचं. पेटलं का पेटलं." मुलाने फोटो पडद्यावरून काढला नाही, पण त्यानंतर तो एकशे एकावा प्रश्न सोडवू लागला.

निकाल लागले की गोंदियात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. निवड झालेल्यांचे फोटो, खाली क्लासचं नाव, वर संचालकांचा दुप्पट मोठा फोटो. एकाच मुलीचा चेहरा तीन-तीन फ्लेक्सवर दिसतो. सर स्कूटर थांबवून ते वाचायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे, "फ्रेंच हिशेब लावला लोकाईनं." फ्रेंच सैन्यात एका विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या तर तिघांच्याही नावावर एक-एक पूर्ण विजय चढायचा. जर्मनांकडे एका विमानाचा धनी एकच, मग त्यासाठी भांडणं व्हायची. कोणता हिशेब बरोबर, असं विचारलं तर सर म्हणायचे, "पडणारा एकच होता, एवढं पक्कं."

यावर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मंग सर, आमी म्हणजे पाडलेले विमानं का?" हशा थांबेपर्यंत सर डस्टर हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "नाही गा. तुमी चालवणारे. आपला क्लास म्हणजे खाली उभा राहून पंखा फिरवून देणारा माणूस. पंखा फिरला का त्यानं बाजूले व्हावं, नाहीतर हात जाते."

तरीही त्यांची स्वतःची एक मोजणी होती. पाच निवडी झाल्या की फ्लेक्स लावू, असं त्यांनी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कबूल केलं होतं. मी आले तेव्हा चार होत्या. दोन पोलीस शिपाई, एक वनरक्षक, एक मुलगी पोस्टात. खरं तर जास्त होत्या, पण सर त्या धरत नसत. एक जण पेढे घेऊन आला तर सरांनी त्याला सांगितलं, "तू आला तेव्हाच तयार होता. आमी फक्त पेपर देल्ले." दुसरी दोनच महिने आली होती, म्हणून तीही धरली नाही. काकू अंगणवाडी सेविका होत्या, दुपारी डबा घेऊन क्लासवर यायच्या. त्या एकदा आमच्यासमोरच म्हणाल्या, "साऱ्या पोट्ट्याईले गणित शिकवते, अना ह्या माणसाले चारच्या पुढं मोजताच येत नाही."

माझ्या दुसऱ्या वर्षी क्लासमध्ये अकरा जण उरले. दोन मोठे क्लास नवे उघडले होते, एसी हॉल, मोठा पडदा, मोबाइलवर टेस्ट. जागेच्या मालकाच्या मुलाला वर जिम काढायचं होतं. मी तलाठ्याची परीक्षा देणार होते. सर त्याला म्हणाले की तलाठ्याचा निकाल लागू दे, मग पाहू. माझ्यावर त्यांची भिस्त आहे असं ते कधी बोलले नाहीत. फक्त माझे पेपर दोनदा तपासायला लागले. परीक्षेच्या आधी एका मोठ्या क्लासने पंधरा दिवसांची टेस्ट सिरीज फुकट ठेवली. मी सरांना न सांगता तिकडे नाव घातलं. फुकट होती, आणि संगणकावर पेपर सोडवायची सवय मला हवी होती.

निकालात माझं नाव आलं. त्या संध्याकाळी मोठ्या क्लासच्या मॅनेजरचा फोन आला. परवा सत्कार आहे, प्रमुख पाहुणे येणार आहेत, वडिलांना घेऊन या, वडिलांना स्टेजवर बसवणार आहोत. मी सरांचं नाव काढलं का? नाही काढलं. बाबांना स्टेजवर बसवणार, एवढंच माझ्या कानात राहिलं. बाबांनी पांढरा शर्ट शेजाऱ्याकडून इस्त्री करून आणला. स्टेजवर त्यांना शाल दिली, नारळ दिला, आणि कॅमेऱ्यासमोर मला एक ओळ बोलायला सांगितली. माझ्या यशाचं श्रेय या क्लासला जातं, अशी ती ओळ होती. मी ती बोलले. पहिल्यांदा नीट आली नाही म्हणून दुसऱ्यांदा बोलले. परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "खुर्ची गादीची होती व."

तिसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन झिरो सरांकडे गेले. तोवर चौकात माझा फ्लेक्स लागला होता, त्यामुळे लपवायला काही नव्हतं. सर पेपर तपासत होते.

"ये व. बस," ते म्हणाले. "त्याईच्याकडे किती दिवस गेली?"

"पंधरा."

"काही शिकली?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "वेळ कसा वाटायचा ते. अन् गणिताच्या दोन ट्रिका."

"मंग त्याईचा बी हाय तुयावर हक्क," असं म्हणून त्यांनी पेपरांचा गठ्ठा सारखा केला. "व्हिडिओ पाहिला मी. तुया बाप बरा दिसत होता शालीत."

"सर, पाचवी मी झाली. तुम्ही फ्लेक्स लावा. मी फोटो देते."

"चौकात एक लागला ना. आता लोक म्हणतीन, झिरो सरनं चोरला." मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. "रविवारी ये. हे अकरा जण हायेत, त्याईले सांग तू काय काय केलं ते. माया सांगण्यानं नाही होत आता. त्याईले पास झालेलं माणूस पाह्याचं हाय."

मी येते म्हटलं. त्या रविवारी आमच्या विहारात माझा सत्कार ठरला. पुढच्या आठवड्यात कागदपत्रांची पडताळणी आली, मग प्रशिक्षण. मी फोन केला नाही. एक रविवार गेल्यावर करायला लाज वाटली आणि चार गेल्यावर त्याची गरज वाटेनाशी झाली. दोन महिन्यांनी कळलं की क्लास बंद झाला, वर जिम निघालं, आणि सर-काकू आमगावकडे आपल्या गावी शेतीवर गेले.

पुढची तीन वर्षं माझा त्यांच्याशी संबंध आला नाही. मग बदली होऊन मला जो साझा, म्हणजे तलाठ्याकडचा गावांचा गट, मिळाला, त्यातलंच एक गाव त्यांचं निघालं. मी रुजू झाले, दप्तर ताब्यात घेतलं, खातेदारांच्या यादीत त्यांचं नाव वाचलं आणि तरी त्यांच्या घरी गेले नाही. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला. कापून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पसरलेले धानाचे कडपे पाण्यात भिजून काळे पडले, काहींना कोंब आले. पंचनामे करायचा आदेश निघाला. कोतवाल तापाने पडला होता. मी एकटीच टेप, फॉर्म घेऊन गावात पोचले, तर पारावर जमलेल्या लोकांत सर उभे. तोच पांढरा दुपट्टा. केस पार गेलेले.

"चाल," ते म्हणाले, जणू काल भेटलो होतो. "टेपचं एक टोक मी धरतो."

चिखलातून बांधामागून बांध आम्ही हिंडलो. त्यांची बांधी आली तेव्हा मी फॉर्म काढला, नाव घातलं आणि नुकसानीच्या रकान्यात लिहायला लागले.

"काय लिहून राहिली?"

"नुकसान, सर."

"कोनाचं?"

"तुमचं."

"माया धान पाण्याच्या दोन दिवस आधीच घरी गेला. बांधी रिकामी होती."

"सर, राहू द्या ना. सगळ्यांचंच लिहून राहिले."

त्यांनी टेपचं टोक सोडलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण पुढचं बोलणं त्यांनी अगदी सावकाश केलं. "तुले मले काही द्याचं राहून गेलं, असं वाटते ना? असंल. पन ते सरकारच्या पेनानं देऊ नको."

फॉर्म मी तिथेच फाडला. त्यांनी टेपचं टोक पुन्हा उचललं आणि उरलेली शेतं आम्ही मोजली. तिन्हीसांजेला त्यांच्या घरी काकूंनी चहा दिला. मी ओसरीवर बसून, कप हातात धरून, त्या रविवारबद्दल माफी मागितली. माफी तीन वर्षं मनात जुळवून ठेवली होती, त्यामुळे लांबली.

सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अकरा पोट्टे दोन घंटे बसवून ठेवले होते मी. येते, येते म्हणून."

"मग?"

"मंग काय. घरी गेले."

काही नाही गं, होतं असं, असं ते म्हणतील अशी मी वाट पाहत होते. ते म्हणाले नाहीत. काकूंनीही मान खाली घालून सुपातले तांदूळ निवडणं चालू ठेवलं. मग सरच म्हणाले की गावात सहा-सात पोरी भरतीचं वाचतात, शाळेच्या व्हरांड्यात बसतात, जागा आहे, फळा आहे. बोलावलं नाही. नुसतं सांगितलं.

मी पुढच्या रविवारी गेले. सात मुली होत्या. सर मागे भिंतीला टेकून खाली बसले. मी काय वाचलं, कसं वाचलं, कुठे दोनदा राहिले, ते तासभर सांगितलं. मोठ्या क्लासकडून घेतलेल्या दोन ट्रिकाही सांगितल्या आणि कोणाकडून घेतल्या तेही सांगितलं. संपल्यावर सर गाडीपर्यंत सोडायला आले. "पयला अर्धा घंटा नुसतं मी-मी करून राहिली होती," ते म्हणाले. "मागचा अर्धा बरा होता. पुढच्या वेळेस तिथूनच सुरू करजो."

तसं केलं. त्यानंतर साझ्यात असेपर्यंत दोन वर्षं बहुतेक रविवार मी तिथे गेले. त्या मुलींपैकी काही लागल्या, काहींची लग्नं झाली, नव्या आल्या. फ्लेक्स कोणी लावला नाही, कारण त्या गावात चौकच नाही. सर आणि मी फार काही बोलायचो असंही नाही. ते गणित घ्यायचे, मी महसूल आणि मराठी व्याकरण. घरचं कोणी कोणाला विचारलं नाही. एकदा फक्त त्यांनी बाबांची चौकशी केली, अजून पोती उचलतात का म्हणून. मी म्हटलं, नाही, आता गुडघे गेले. त्यांनी मान हलवली.

गेल्या हिवाळ्यात, गुरुवारी सकाळी, सर गेले. बांधावर बसल्या बसल्या गेले, फार त्रास झाला नाही असं काकू म्हणाल्या. मी आदल्या रविवारी तिथे होते, म्हणून त्यांचं त्या दिवशीचं शिकवणं मला आठवतं. टक्केवारीची गणितं चालली होती. वरून ते शिकाऊ विमान गेलं आणि मुलींनी नेहमीसारखं बाहेर पाहिलं. सरांनी खडू खाली ठेवला. युद्धाच्या अगदी सुरुवातीला विमानांवर बंदुका नव्हत्या, असं त्यांनी सांगितलं. दोन्हीकडचे वैमानिक नुसते टेहळणीला यायचे, खालचं पाहून जायचे. समोरासमोर आले तर एकमेकांना हात हलवायचे आणि आपापल्या वाटेने निघून जायचे. पाडायचं, मोजायचं, हे सगळं मागाहून आलं. एवढ्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

पुढे बसलेल्या मुलीने विचारलं, "मंग सर, हात हालवायचं सोडून बंदूक पयले कोनं काढली?"

"नाव पक्कं नाही सापडत," सर म्हणाले. "मी लय शोधलं. असंल कोणी आपल्यासारखाच. घाबरला असंल."

मुली पुढच्या बोलण्याची वाट पाहत राहिल्या. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर पुढचं गणित लिहायला घेतलं.